रेव्हिटमध्ये एका प्लॅनला ग्रिड ओढली की सगळीकडे का हलते आणि टेरेसला गायब का होते

प्रश्न ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. दोन बेसमेंट, स्टिल्ट, पोडियम आणि वर बावीस मजल्यांच्या दोन विंग, त्यातली बी विंग प्लॉटच्या आकारामुळे साडेबारा अंश फिरवलेली. सगळं एकाच रेव्हिट (इमारतीचं थ्रीडी मॉडेल करून त्यातूनच ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) फाइलमध्ये. आता होतंय काय, तर एका प्लॅनमध्ये ग्रिडचा, म्हणजे कॉलमच्या ओळी दाखवणाऱ्या रेषेचा, बबल (टोकाचा नंबरवाला गोल) थोडा बाजूला ओढला की दुसऱ्या शीटवरचे बबल पण हलतात, काही प्लॅनमध्ये मात्र ढिम्म हलत नाहीत, टेरेस प्लॅनला अर्ध्या ग्रिड दिसतच नाहीत, बी विंगच्या सेक्शनमध्ये एकही नाही, आणि स्ट्रक्चरच्या मॉडेलशी लेव्हल, म्हणजे मजल्यांच्या उंचीच्या रेषा, प्रत्येक मजल्याला ५० मिमीने चुकतात. विचारणाऱ्यांनी एकेक शीट उघडून हाताने बबल सरळ करायला घेतलेत.

आधी ते काम थांबवा. शीट हाताने दुरुस्त करून हे कधीच संपणार नाही, उलट प्रत्येक शीटमागे गुंता वाढत जाईल आणि मग ग्रिड खरंच हलवायची वेळ आली की कुठला बबल कशामुळे कुठे आहे हे कुणालाच कळणार नाही.

ऑटोकॅडमधून आलेल्या माणसाला ग्रिड म्हणजे प्लॅनवरची रेघ वाटते. रेव्हिटमध्ये ती रेघ नाही, ती जमिनीत उभी रोवलेली एक काच आहे, आणि लेव्हल ही तशीच आडवी काच. प्लॅनमध्ये आपल्याला दिसते ती त्या काचेची कड. ही काच एकच आहे, पूर्ण मॉडेलमध्ये एकच, त्यामुळे तिचं टोक जिथे आहे तिथेच ते सगळ्या व्ह्यूमध्ये दिसणार. म्हणून ग्रिड सिलेक्ट केल्यावर टोकाजवळ बारीक अक्षरात थ्रीडी लिहिलेलं दिसतंय आणि टोकाला पोकळ गोल आहे, तर तुम्ही ओढताय ती काचच ओढताय, बाकी सगळे प्लॅन हलणारच. त्या थ्रीडीवर क्लिक केलं की ते टूडी होतं, पोकळ गोलाच्या जागी भरीव ठिपका येतो, आणि मग ओढलेलं फक्त त्याच व्ह्यूपुरतं राहतं. तुमच्या फाइलमध्ये आत्ता या दोन्हीची खिचडी झालीये, बास एवढंच.

आता काही प्लॅनमध्ये ग्रिड हलत का नाही, तर तिथे कुणीतरी क्रॉप, म्हणजे व्ह्यूमध्ये कुठपर्यंत दिसायचं ती चौकट, ओढून आत घेतलाय. क्रॉपची चौकट ग्रिडच्या टोकाच्या आत आली की रेव्हिट स्वतःच ते टोक टूडी करून चौकटीला चिकटवून टाकतं, तुम्हाला न विचारता. मग क्रॉप हलवला की बबल हलतात आणि मूळ ग्रिड ओढली तर तिथे काही होत नाही. बऱ्याच ऑफिसमध्ये लोक याला बग समजतात, बग नाही तो, तसंच बनवलंय. आणि व्ह्यू टेम्प्लेट लावून हे सरळ होईल असं कुणी सांगितलं असेल तर ते चूक आहे, टेम्प्लेट ग्रिड दाखवायची की लपवायची आणि कुठल्या रंगात हे ठरवतं, टोक कुठे थांबणार याच्याशी त्याचा संबंध नाही.

माझं मत सरळ आहे, ग्रिडची टोकं हाताने ठरवायचीच नाहीत. ती स्कोप बॉक्सने, म्हणजे ग्रिड आणि व्ह्यूची हद्द ठरवणाऱ्या मॉडेलमधल्या खोक्याने, ठरवायची, आणि हाताने टूडी करायचं ते फक्त शेवटी, शीट छपाईला जायच्या वेळी, जिथे दोन बबल एकमेकांवर चढतायत तिथेच.

तुमच्या प्रोजेक्टला तीन स्कोप बॉक्स लागतील. एक पूर्ण साइटचा, बेसमेंट आणि पोडियमसाठी. एक ए विंगचा. आणि एक बी विंगचा, तो काढून झाल्यावर साडेबारा अंश फिरवायचा. स्कोप बॉक्स प्लॅनमध्येच काढता येतो, व्ह्यू टॅबमध्ये आहे, पण काढल्यावर लगेच एलेव्हेशनला जाऊन त्याची उंची बघा, कारण तो काढताना घेतो ती उंची तुमच्या बिल्डिंगला पुरत नाही. खाली राफ्टच्या खाली आणि वर ओव्हरहेड टाकीच्या वर, दोन्हीकडे थोडं मोकळं ठेवून ओढा. मग ए विंगच्या सगळ्या ग्रिड सिलेक्ट करून प्रॉपर्टीजमध्ये स्कोप बॉक्सच्या पुढे ए विंग निवडा, बी विंगच्या ग्रिडना बी विंग. ग्रिडची टोकं आपोआप बॉक्सच्या कडेला जाऊन थांबतात, सगळी एका रेषेत, आणि यापुढे सगळ्या प्लॅनमध्ये बबल पुढेमागे करायचे असतील तर फक्त बॉक्स ओढायचा.

बॉक्स बिल्डिंगच्या बाहेर किती ठेवायचा हे अंदाजाने करू नका, शीटवरून उलटं मोजा. १:१०० चा प्लॅन असेल आणि बाहेर डायमेन्शनच्या तीन ओळी, ओपनिंगची, ग्रिड टू ग्रिडची आणि एकूण मापाची, प्रत्येकीला कागदावर ८ मिमी, म्हणजे २४ मिमी झाले, बबलच्या आधी थोडी जागा धरून ३० मिमी. कागदावरचे ३० म्हणजे साइटवरचे ३ मीटर. म्हणून बॉक्स बाहेरच्या भिंतीपासून ३ मीटर बाहेर. पोडियमचा प्लॅन १:२०० ला जाणार असेल तर तिथे तेच ३० मिमी म्हणजे ६ मीटर, त्यामुळे साइटचा बॉक्स वेगळा आणि मोठा.

नंतर व्ह्यूला पण तोच स्कोप बॉक्स द्या. ए विंगच्या टिपिकल प्लॅनला ए विंगचा, म्हणजे क्रॉप आणि ग्रिडची टोकं एकाच जागी येतात आणि भांडण मिटतं. बबल क्रॉपच्या रेषेच्या बाहेर राहतात, ते कापले जात असतील तर अ‍ॅनोटेशन क्रॉप म्हणजे ती बाहेरची तुटक चौकट थोडी बाहेर ओढा. बी विंगच्या प्लॅनला फिरवलेला बॉक्स दिला की अजून एक फायदा, तो व्ह्यू आपोआप फिरून शीटवर विंग सरळ उभी राहते, म्हणजे डायमेन्शन आणि टेक्स्ट तिरके लावायची कटकट जाते. फक्त त्या शीटला नॉर्थचं चिन्ह बरोबर फिरलंय का तेवढं बघा, महापालिकेच्या ड्रॉइंगला हे हमखास राहतं.

हे सगळं करायच्या आधी जुना गुंता साफ करायला लागेल. प्रत्येक प्लॅनमध्ये क्रॉप व्ह्यूची टिक काढा, ग्रिड सिलेक्ट करा, राइट क्लिक, रिसेट टू थ्रीडी एक्स्टेंट्स. मग स्कोप बॉक्स लावा. ग्रिड डिलीट करून नव्याने काढायचा मोह होईल, तसं करू नका, ग्रिड गेली की तिच्यावर लावलेली डायमेन्शन पण गेली आणि ग्रिडला बांधलेले कॉलम पुढे ग्रिडबरोबर हलणार नाहीत.

आता प्रोपगेट एक्स्टेंट्सबद्दल, कारण कुणीतरी तुम्हाला तेच वापरा म्हणून सांगितलंय. ते बटण चांगलं आहे, एका प्लॅनमध्ये केलेली टूडी कारागिरी, म्हणजे बबल आत घेतला, रेघेला एल्बो म्हणजे मोड दिला, एका टोकाचा बबल बंद केला, हे सगळं दुसऱ्या समांतर प्लॅनवर जसंच्या तसं पाठवतं. पण ते एकदाच पाठवतं. उद्या मूळ प्लॅनमध्ये बदल केलात तर बाकीचे आपोआप बदलत नाहीत, परत प्रोपगेट करायला लागतं, आणि मधल्या काळात कुणी सातव्या मजल्याचा प्लॅन वेगळा केला असेल तर त्याचं काम पुसलं जातं. म्हणून स्कोप बॉक्स आधी, प्रोपगेट शेवटच्या हाताला, टिपिकल मजल्यांपुरतं.

टेरेसची भानगड. इथे लोक व्ह्यू रेंज खालीवर करत बसतात, व्हीजी (व्ह्यूमध्ये काय दिसायचं ते ठरवणारी व्हिजिबिलिटी ग्राफिक्सची खिडकी) उघडून ग्रिडची टिक तपासतात, फिल्टर बघतात, आणि सगळं बरोबर असतं. उत्तर एलेव्हेशनमध्ये आहे. साउथ एलेव्हेशन उघडा, जी ग्रिड टेरेसला दिसत नाही, समजा ७ नंबर, ती सिलेक्ट करा आणि तिचं वरचं टोक कुठे आहे ते बघा. ते टेरेस लेव्हलच्या खाली असणार, बहुतेक विसाव्या किंवा एकविसाव्या मजल्याच्या आसपास, कारण ग्रिड काढल्या तेव्हा मॉडेलमध्ये तेवढेच मजले होते आणि वरचे नंतर वाढवले. काचच टेरेसपर्यंत पोचत नाही तर टेरेसचा प्लॅन तिला कापणार कसा. ते टोक एलएमआरच्या (लिफ्ट मशीन रूमच्या) वर ओढा, त्याच्याबरोबर पॅडलॉकने बांधलेल्या शेजारच्या ग्रिड पण वर येतील, टेरेसला लगेच दिसतील. एखादी पॅडलॉक तुटलेली असेल तर ती एकटी खाली राहते, म्हणूनच तुमच्याकडे अर्ध्या दिसतायत आणि अर्ध्या नाहीत. स्कोप बॉक्स टाकीच्या वरपर्यंत घेतलात तर हा प्रश्न तसाही संपतो.

हीच गोष्ट उलटी वापरता येते. पोडियमच्या कार पार्किंगच्या ज्या ग्रिड वर टॉवरमध्ये नकोत, त्यांचं वरचं टोक पोडियम स्लॅबच्या जरा वर थांबवा, म्हणजे बावीस प्लॅनमध्ये त्या हाइड करत बसायला नको.

बी विंगच्या सेक्शनमध्ये ग्रिड दिसत नाहीत कारण सेक्शन त्यांना बरोबर काटकोनात नाही. सेक्शनमध्ये किंवा एलेव्हेशनमध्ये ग्रिड दिसायला ती सरळ असायला लागते आणि व्ह्यूला काटकोनात असायला लागते, डोळ्याला काटकोन दिसून चालत नाही. हाताने १२.४८ अंशाला सेक्शन काढला असेल तर ग्रिड येणार नाही, आणि रेव्हिट काही मेसेज पण देत नाही. उपाय असा, सेक्शनची रेघ सिलेक्ट करून रोटेट घ्या, पहिला क्लिक सेक्शनच्या स्वतःच्या रेघेवर आणि दुसरा बी विंगच्या समांतर ग्रिडवर स्नॅप करून, आकडा टाइप न करता. ग्रिड लगेच उगवतात. गोल म्हणजे आर्क ग्रिड मात्र एलेव्हेशनला येतच नाही, तुमच्या क्लब हाऊसला असेल तर तिथे डिटेल लाइनच काढायला लागेल.

खरं तर बी विंग वेगळ्या फाइलमध्ये सरळ काढून, फिरवून लिंक करायला हवी होती. नवीन प्रोजेक्टला तसंच करा. त्यात ग्रिडच्या नावाचा प्रश्न पण सुटतो, कारण एका फाइलमध्ये एकाच नावाच्या दोन ग्रिड रेव्हिट घेत नाही. तुम्ही बी विंगला नाव देताना आकड्याच्या पुढे एक स्पेस मारून वेळ निभावलीत असं दिसतंय, ते काढा, फिल्टर लावताना आणि शेड्यूलमध्ये ते दिसत नाही आणि नेमकं तेच बोकांडी बसतं. बी-१, बी-२ असं उघड नाव द्या. आणि अक्षरांच्या ग्रिडमध्ये आय आणि ओ गाळा, साइटवर ती एक आणि शून्य वाचली जातात. रेव्हिट स्वतः गाळत नाही, एचच्या पुढची ग्रिड काढली की नाव हाताने ‘जे’ (J) करा, त्याच्यापुढे ते आपोआप के, एल असं मोजत जातं.

कॅडच्या डीडब्ल्यूजीवरून पिक लाइन्सने ग्रिड काढल्या असतील तर एक तपासणी आजच करा. प्रोजेक्ट युनिट्समध्ये लांबी शून्य दशांशावर असते, ती दोन दशांशावर न्या आणि ग्रिड टू ग्रिड मापं बघा. ४१५० दिसणारं माप ४१५०.३७ निघालं आणि आठ गाळ्यांत सगळीकडे तेवढंच जास्त असेल तर जवळजवळ ३ मिमी झाले, आणि एकूण मापाची ओळ आणि तुकड्यांची बेरीज जुळत नाही म्हणून साइट इंजिनिअर लाइनआउटच्या दिवशी सकाळी सकाळी फोन करणार. रेव्हिट कधीकधी रेघ अक्षापासून किंचित तिरकी आहे अशी वॉर्निंग देतं, ती लोक बंद करून टाकतात, बंद करू नका, ती ग्रिडवर आली असेल तर तिच्यावर बसलेल्या सगळ्या भिंती तिरक्या आहेत. बरा मार्ग म्हणजे कॅड फक्त मापं वाचायला लिंक करायचं, पहिली ग्रिड आपण काढायची आणि बाकीच्या कॉपी करताना अंतर टाइप करायचं.

आता लेव्हल. ५० मिमीच्या फरकात चूक कुणाचीच नाही. तुमच्या लेव्हल फिनिश फ्लोअरच्या आहेत, टाइल आणि खालचा मसाला धरून, आणि स्ट्रक्चरवाल्यांच्या स्लॅबच्या माथ्याच्या. दोघांनी आपापल्या फाइलमध्ये आपापला संच ठेवा, नावात एफएफएल (फिनिश फ्लोअरची) आणि एसएसएल (स्लॅबच्या माथ्याची) स्पष्ट लिहा, आणि त्यांना सांगा की कॉपी मॉनिटर (दुसऱ्याच्या मॉडेलमधली ग्रिड-लेव्हल आपल्यात आणून तिच्यातल्या बदलांवर नजर ठेवणं) करताना ऑप्शन्समध्ये लेव्हलला ऑफसेट द्यायची सोय आहे, तिथे उणे ५० टाकलं की त्यांच्या लेव्हल तुमच्याशी बांधलेल्या पण राहतात आणि ५० खाली पण. मग तुमच्या सेक्शनमध्ये त्यांच्या लिंकमधल्या लेव्हल तुमच्यावर चढून दिसतील, त्या व्हीजीमध्ये रेव्हिट लिंक्सच्या टॅबला जाऊन त्या लिंकला कस्टम करून, अ‍ॅनोटेशनमधून लेव्हल आणि ग्रिडची टिक काढून घालवा.

तुमच्या फाइलमध्ये लेव्हलच फार आहेत हे पण सांगतो. टॉयलेटचा संक स्लॅब, जिन्याचा मधला लँडिंग, लिंटेल, बीमचा तळ, या सगळ्याला लेव्हल काढल्यात. कशाला? संक स्लॅब हा त्या मजल्याच्या लेव्हलवरचा उणे ऑफसेट आहे, लिंटेलला रेफरन्स प्लेन पुरतं. लेव्हल वाढली की प्रत्येकजण मनाला येईल त्या लेव्हलवर भिंत बसवतो, मग मजलावार क्वांटिटी काढताना पाचव्या मजल्याची वीट थोडी पाचव्यात आणि थोडी पाचवा लिंटेल नावाच्या मजल्यात येते. आयएफसी (दुसऱ्या सॉफ्टवेअरला मॉडेल द्यायचा फॉरमॅट) एक्सपोर्ट करणार असाल तर बिल्डिंग स्टोरीची टिक असलेली प्रत्येक लेव्हल तिकडे मजला म्हणून जाते, म्हणून खऱ्या मजल्यांनाच ती टिक ठेवा.

पण जास्तीच्या लेव्हल लगेच डिलीट करू नका!! लेव्हल डिलीट केली की तिच्यावर बसलेल्या वस्तू आणि तिचे प्लॅन तिच्याबरोबर जातात, आणि येणारा मेसेज लोक न वाचता ओके करतात. आधी त्या लेव्हलवर काय काय आहे याचं शेड्यूल काढा, बेस कन्स्ट्रेंट मजल्याच्या लेव्हलवर आणून ऑफसेट द्या, शेड्यूल रिकामं झालं की मगच डिलीट.

टिपिकल मजल्याची उंची २९५० वरून ३००० करायची म्हणताय तर हे लक्षात घ्या की एक लेव्हल वर उचलली की फक्त तीच हलते, वरच्या आपोआप सरकत नाहीत, उलट वरच्या मजल्याची उंची ५० ने कमी होते. एलेव्हेशनला जाऊन वरून सुरुवात करा असं नाही, कुठूनही करा, पण प्रत्येक वेळी त्या लेव्हलपासून वरच्या सगळ्या एकत्र सिलेक्ट करून ५० ने मूव्ह करा. आणि दोन लेव्हलमधलं डायमेन्शन लॉक करून ठेवू नका, असा बदल आला की कन्स्ट्रेंटच्या वॉर्निंगची रांग लागते. ज्या भिंतींचा टॉप अनकनेक्टेड आहे त्या तेवढ्याच उंचीच्या राहतील आणि वर ५० ची फट दिसेल, त्या बदलाच्या आधीच शोधून वरच्या लेव्हलला बांधा.

लेव्हल कॉपी किंवा अ‍ॅरे केल्यावर प्लॅन का येत नाही असं पण विचारलंय. येत नाहीच. हेड निळं असेल तर तिचा प्लॅन आहे, काळं असेल तर नाही, व्ह्यू टॅबमध्ये प्लॅन व्ह्यूज, फ्लोअर प्लॅन, आणि लिस्टमधून हव्या तेवढ्या एकदम निवडा. अ‍ॅरे करताना ग्रुप अँड असोसिएटची टिक मात्र काढा. नाव देताना ०१, ०२ असं दोन आकडी द्या म्हणजे एक्सेलला गेल्यावर १ नंतर १० येत नाही, आणि जमलं तर स्लॅब नंबर पण नावात घाला. साइटवर कुणी मजला म्हणत नाही, नववा स्लॅब पडला म्हणतात, आणि पोडियम मोजायचा की नाही यावरून प्रत्येक साइटचा नववा स्लॅब वेगळा असतो. विक्रीवाल्यांनी तेरावा मजला गाळून बारा ए केला असेल तर विचारूच नका.

लेव्हलना स्कोप बॉक्स देताना एक जपा. दोन्ही विंगला सामाईक लेव्हल ए विंगच्या बॉक्सला दिली तर ती बी विंगच्या सेक्शनमधून गायब होईल. सामाईक लेव्हलना साइटचा बॉक्स, आणि ज्या विंगची उंची खरंच वेगळी आहे तिच्याच लेव्हलना तिचा बॉक्स.

हे सगळं बसलं की सगळ्या ग्रिड आणि लेव्हल पिन करा, पीएन. वर्कशेअरिंग (एका फाइलवर अनेकांनी एकाच वेळी काम करणं) चालू केल्यावर रेव्हिट शेअर्ड लेव्हल्स अँड ग्रिड्स नावाचा वर्कसेट स्वतःच बनवतं, त्यात सगळं आहे का बघा आणि त्याला एकच माणूस हात लावेल असं ठरवा. कॉपी मॉनिटर केलंय म्हणजे ग्रिड लॉक झाली असं पुष्कळांना वाटतं, तसं नाही, ती बिनधास्त हलते, फक्त वॉर्निंग येते. स्ट्रक्चरवाल्यांकडे मूळ ग्रिडमधला बदल कोऑर्डिनेशन रिव्ह्यूमध्ये दिसतो, तिथे पोस्टपोन, रिजेक्ट, अ‍ॅक्सेप्ट डिफरन्स असे पर्याय येतात. यातलं अ‍ॅक्सेप्ट डिफरन्स फार फसवं आहे, बदल स्वीकारला असं वाटतं पण त्याचा अर्थ फरक आहे तसाच राहू दे असा होतो. ग्रिड खरंच हलवायची असेल तर त्याच लिस्टमधला मॉडिफायचा पर्याय घ्यायचा. समोरचे ईटॅब्स (स्ट्रक्चर डिझाइनचं सॉफ्टवेअर) आणि ऑटोकॅडवरच असतील तर मॉनिटर वगैरे काही नाही, त्यांची सेंटर लाइन प्रत्येक रिव्हिजनला लिंक करून मापं पडताळायची.

राहिला बबल दोन्ही टोकांना ठेवायचा की एका. पोडियम आणि बेसमेंटला दोन्हीकडे ठेवा, कागद एवढा रुंद असतो की एका टोकाचा नंबर दुसऱ्या टोकाला शोधत बसायला लागतं. टिपिकलला डावीकडे आणि वर पुरे. पण हे करायला टाइप प्रॉपर्टीजला हात लावू नका, ग्रिडच्या टोकाशी जी छोटी चौकोनी टिक आहे ती त्या व्ह्यूपुरतीच असते, ती एका टिपिकल प्लॅनमध्ये काढा आणि तेवढं प्रोपगेट करा.